पोफळी, सुपारी आणि माझ्या भिंती

"तू नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न मला गेली पंचवीस-तीस वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात विचारला जातो. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे, "वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचं जीवरसायन." समोरच्याचा चेहरा बघून मग सोपं करायला लागले, "झाडांच्या पेशींना भिंती असतात ना, त्या कशाच्या असतात, कशा बांधल्या जातात, कशा मोडतात, ते बघते." यातला 'भिंती' एवढाच शब्द लक्षात ठेवून आमच्या एका मावशींनी मला त्यांच्या नव्या फ्लॅटला ओल का येते ते विचारलं होतं. असो. मावशी हे वाचतात, तेव्हा त्यांना आधीच नमस्कार सांगून ठेवते. :-)

मागच्या महिन्यात गावाला चार दिवस राहून आले आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. ज्यांनी मला हा प्रश्न विचारला, त्या सगळ्यांसाठी हे थोडं लांबलेलं उत्तर समजा.

गाव म्हणजे पोफळी. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढायच्या आधी लागतं ते. नावातच झाड असलेलं गाव. बाहेरच्या लोकांना ते माहीत आहे ते कोयनेच्या वीजघरामुळे. वर सह्याद्रीच्या पलीकडे सातारा जिल्ह्यात धरण, शिवाजीसागराचं पाणी डोंगरातून बोगद्याने अलीकडे आणायचं आणि खाली पोफळीच्या डोंगराच्या पोटात, जमिनीखाली, जनित्रांवर सोडायचं. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली सुरू झाली. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवतात, अलोऱ्याला पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं असं पाणी आमच्या दारावरून अरबी समुद्राला जातं, याचा अण्णांना अजूनही अभिमान आहे. जणू त्यांनीच वळवलं!

अण्णा म्हणजे माझे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्या भुयारी वीजघरात शिफ्ट केल्या आणि १९९९ साली निवृत्त झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्या पहाटेबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते दाबाबद्दल. पाणी साधारण पाचशे मीटर खाली येतं म्हणजे तळाशी पन्नासएक वातावरणांचा दाब होतो. तो सोसायला डोंगराच्या पोटातल्या उतरत्या शाफ्टना पोलादाचं अस्तर आहे, आणि जितकं खाली जावं तितकं पोलाद जाड लागतं, हे मला तिसरी-चौथीतच पाठ होतं. इतर मुलांना त्यांचे बाबा पाढे शिकवत, आमच्याकडे जेवताना पेनस्टॉक!

आता माझ्या भिंती. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोल्या दिसल्या. त्यांना त्यांनी 'सेल' म्हटलं. गंमत अशी की त्यांनी पाहिलं ते सगळं मेलेलं होतं. आत राहणारं कोणी नव्हतं, उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती. म्हणजे जीवशास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द भिंतीवरून आला, आणि पुढची कितीतरी वर्षं सगळे आतलं सामान बघण्यात गुंतले. भिंत म्हणजे झाडाचं खोकं, त्यात काय बघायचं? मी एम्एस्सीला होते तेव्हासुद्धा हाच सूर होता.

पण झाडाच्या जिवंत पेशीत पाण्याचा दाब असतो, तीन ते दहा वातावरणं. मोटारीच्या टायरात दोनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. हा दाब आहे म्हणून कोथिंबिरीची जुडी सकाळी ताठ असते आणि संध्याकाळी मान टाकते. आणि तो सोसणारी भिंत किती जाड? वाढत्या पेशीत एका मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून फार तर एक मायक्रॉन. आपला केस सत्तरएक मायक्रॉनचा असतो. नळीच्या भिंतीवर येणारा ताण काढायचं गणित इंजिनिअर मंडळींना माहीत असेल: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. पेशीची त्रिज्या जाडीच्या पन्नास-शंभर पट असते, म्हणून भिंतीच्या पदार्थावरचा ताण आतल्या दाबाच्या पन्नास-शंभर पट होतो. हे मी पहिल्यांदा अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन मागितलं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकडे मांडले, दोनदा तपासले आणि म्हणाले, "म्हणजे कोथिंबिरीत पेनस्टॉक आहे म्हण की."

त्यापुढचा त्यांचा प्रश्न मात्र मला कोणत्याही परीक्षकाने विचारला नव्हता. "पण गो, आमचा पाइप वाढत नाही. तुझी पेशी वाढते. एवढ्या दाबाखाली भिंत वाढवायची कशी? फुटणार नाही?"

हाच तर या विषयातला मुख्य प्रश्न आहे. भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, ग्लुकोजच्या लांब साखळ्या एकमेकींना चिकटून झालेले, वजनाच्या मानाने पोलादाशी स्पर्धा करतील असे. त्यांच्यामध्ये हेमिसेल्युलोज नावाच्या फांद्या असलेल्या साखळ्या आणि त्या सगळ्याभोवती पेक्टिन. पेक्टिन म्हणजे तेच, ज्याच्यामुळे जॅम आणि पेरूची जेली घट्ट बसते. पेशीला वाढायचं असलं की ती भिंतीतला आम्ल वाढवते, आणि एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं धागे न कापता त्यांची एकमेकांवरची पकड तेवढी सैल करतात. अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये काकडीच्या रोपांतून ती शोधली. दाबाने भिंत थोडी ताणते, तेवढ्यात नवीन धागे आतून विणले जातात, पकड पुन्हा घट्ट. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "चालू युनिटवर दुरुस्ती. फार अवघड काम."

माझ्या व्याख्यानांत मी आता हेच वाक्य वापरते, श्रेय देऊन.

माझं स्वतःचं काम याच्या एका कोपऱ्यात आहे. भात, ऊस, बांबू, गवत आणि ताडमाडांचं कुळ, म्हणजे नारळ आणि पोफळसुद्धा, यांच्या भिंतीत एक खास गोष्ट असते. हेमिसेल्युलोजच्या फांद्यांना फेरुलिक आम्ल नावाचा एक छोटा रेणू लटकलेला असतो. शेजारच्या दोन साखळ्यांवरचे असे दोन रेणू एकमेकांना जोडले गेले की झाली गाठ. अशा गाठी वाढत गेल्या की भिंत ताठ होते, वाढ थांबते, आणि पुढे लिग्निनही याच गाठींना धरून बसतं. मी आयुष्याची बरीच वर्षं भाताच्या पेंढ्यातल्या या गाठी मोजण्यात घालवली. कुठे किती, कधी होतात, कशाने सुटतात.

हा रेणू अतिनील प्रकाशात निळा चमकतो, अमोनियाची वाफ दिली की हिरवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णा पुण्याला माझ्याकडे महिनाभर राहिले होते. तेव्हा एका रविवारी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. आमच्याच आगरातल्या पोफळीच्या रोपाचं कोवळं मूळ गावाहून आणलं होतं. त्याचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, खोलीत अंधार केला. नव्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. निळ्या कडांच्या शेकडो खोल्या. मी अमोनियाचा थेंब सोडला आणि सगळं हळूहळू हिरवं झालं. ते काही बोलेनात म्हणून मीच विचारलं, "काय वाटतंय?" तर म्हणाले, "हे झाड मी लावलंय, आणि मला हे माहीतच नव्हतं."

आता 'याचा उपयोग काय' हा दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या मागोमाग येतोच. आमच्या चुलत वहिनीने तो फार सरळ विचारला होता. तिच्याकडे दोन गाई. "पेंढ्यावर एवढा अभ्यास केलास, तर गाईला तो पचत का नाही ते सांग." बरोबर विचारलं होतं! पेंढ्यात साखर भरपूर असते, पण या गाठी आणि लिग्निन यांच्यामुळे गाईच्या पोटातल्या जंतूंना तिथवर पोचता येत नाही. युरियाची प्रक्रिया करतात ती इथे कामी येते. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली हवाबंद दाबून ठेवायचा, तीनेक आठवड्यांनी उघडून, वास उडू देऊन, थोडा थोडा घालायचा. युरियापासून अमोनिया होतो आणि तो या गाठींचे सांधे सोडवतो. शेतकऱ्यांना ही पद्धत कित्येक वर्षं माहीत आहे. ती का चालते, हे समजायला भिंत कळावी लागते. वहिनीने करून पाहिलं. गाईने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, चौथ्या दिवसापासून खाल्लं.

याच पेंढ्यातून इंधन काढायचं स्वप्न तर फार जुनं. पुण्याच्या एन्‌सीएलमध्ये १९८० च्या दशकात माला राव, वासंती देशपांडे आणि त्यांचे सहकारी बुरशींकडून सेल्युलोज फोडण्याच्या मागे होते. न्यूरोस्पोरा नावाची बुरशी सेल्युलोजपासून थेट अल्कोहोल करते, हे त्यांनी दाखवलं. मी विद्यार्थिनी असताना ते शोधनिबंध वाचले आणि नावं वाचून हुरळून गेले. अल्बर्शाइम, डेल्मर, कार्पिटा अशा नावांच्या रांगेत देशपांडे! एवढ्या क्षुल्लक गोष्टीने माणूस विषय निवडतो, हे नव्या विद्यार्थ्यांना मी सांगत नाही.

पण आज लिहायला बसले ते पेंढ्यासाठी नाही, सुपारीसाठी.

सुपारी एवढी कडक का? अडकित्त्याशिवाय फुटत नाही ती? तर सुपारीचा कडकपणा म्हणजे तिच्या भिंती. बी आपल्या बाळरोपासाठी शिधा साठवून ठेवतं. तांदूळ-गहू पिठाच्या रूपात साठवतात, शेंगदाणे तेलाच्या. ताडमाडांच्या कुळात बराचसा शिधा भिंतीतच साठवायची पद्धत आहे. मॅनोज नावाच्या साखरेच्या साखळ्या, मॅनन, पेशींच्या भिंतींवर थरावर थर. खजुराची बी घ्या, तीही अशीच. दक्षिण अमेरिकेतल्या एका ताडाच्या बीला तर वनस्पतींचं हस्तिदंत म्हणतात आणि त्याची कोटाची बटणं करत असत. आणि आता स्वयंपाकघरात या: मेथी रात्रभर भिजवली की बुळबुळीत होते ना? तीसुद्धा जवळपास हीच साखळी! फरक एवढाच, की मेथीत मॅनोजच्या जवळजवळ प्रत्येक मण्याला गॅलॅक्टोजची एक फांदी असते. फांद्यांमुळे साखळ्या जवळ येऊ शकत नाहीत, मध्ये पाणी शिरतं, बुळबुळीतपणा येतो. गवारीच्या डिंकात फांद्या निम्म्यावर येतात. सुपारी-खजुरात जवळपास नाहीतच. साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, पाण्याला वाव नाही, दगड तयार. रुजताना मात्र कोंबापाशी एक मऊ चोखणारा गोळा तयार होतो, विकरं हा दगड विरघळवतात आणि रोप तो हळूहळू पिऊन टाकतं. भिंत हीच शिदोरी. मला हे अजूनही थक्क करतं.

आमच्या आगरात दोनशेच्या आसपास पोफळी आहेत. अण्णांच्या पगारावर घर चाललं, पण माझं आणि दादाचं शिक्षण सुपारीवर झालं. पावसाआधी विरीच्या टोप्या आणि थंडीत अंगणभर वाळत घातलेली सुपारी, आणि तिच्यावर राखणीला बसलेले आम्ही, हे बालपण. कोवळी ओली सुपारी खाऊन घाम फुटायचा, कान गरम व्हायचे, गरगरायचं. 'सुपारी लागली' म्हणायचे आणि मोठी माणसं हसायची.

काकांना ती आयुष्यभर लागली. धाकटे काका, अण्णांचे भाऊ. तंबाखूला कधी हात लावला नाही आणि त्याचा त्यांना ताठा होता. पान-सुपारी, नंतर नुसती सुपारी, नंतर पुडीतली गोड सुपारी. साधारण २००९ मध्ये तिखट लागलं की तोंडाची आग व्हायला लागली. मग तोंड उघडेना. तीन बोटं उभी आत जायला हवीत तिथे दोन, मग दीड. डॉक्टरांनी सबम्युकस फायब्रोसिस सांगितलं. गालाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजेनचे धागे साचत जातात आणि ते एकमेकांत गुंतून घट्ट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. काकांसाठी मी वाचायला बसले तेव्हा माझा हात एका जागी थांबला. सुपारीत तांबं बरंच असतं, ते कोलॅजेनच्या धाग्यांत गाठी मारणाऱ्या विकराला चेतवतं आणि म्हणून ते धागे मोडेनासे होतात, असं एक मत त्यात मांडलेलं होतं. धाग्याधाग्यांतल्या गाठी. भिंत ताठ. माझं रोजचं काम, माझ्याच शब्दांत, काकांच्या गालात.

काका २०१८ साली गेले. शेवटचं वर्षभर पातळ पेज.

काकूंचा राग सुपारीवर नव्हता, हे मला कधीच नीट कळलं नाही. त्या अजूनही हिवाळ्यात अंगणात बसून सुपारी निवडतात, रोठा वेगळी, फुटकी वेगळी. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाल्या, "गणपती मांडायला काय मांडतेस? सुपारीच ना? देव पण तीच आणि रोग पण तीच. मी कोणाला दोष देऊ?" आणि हातातली सुपारी कानाजवळ नेऊन हलवून पाहिली.

घरात मग विषय निघाला तो आगराचा. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. पाडेली मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीने. दादा टोरांटोला. मुंबईचं एक गिऱ्हाईक जमीन बघून गेलं, डोंगर दिसतो म्हणून खूश होतं. दादा फोनवर म्हणाला, "विकून टाकू. नाहीतर निदान पोफळी तोडून दुसरं काहीतरी लाव. काकांचं बघितल्यावर मला तो पैसा नको." मला त्याचं म्हणणं पटत होतं. मग मी आगरात जाऊन उभी राहिले की पटेनासं व्हायचं. हे असं दोन-अडीच वर्षं चाललं.

त्यातच २०२१ चा पाऊस. २२ जुलैला चिपळुणात पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही वर, डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे घर वाचलं. पण पाऊस थांबेना, फवारणीची दुसरी पाळी हुकली आणि आगरात कोळेरोग उतरला. हिरवी फळं पाणी धरल्यासारखी काळपट होऊन टपाटप गळायला लागली. सकाळी झाडाखाली पांढरी बुरशी धरलेला सडा. अण्णा घमेल्यात फळं गोळा करायचे आणि दूर नेऊन पुरायचे. त्या पावसात त्यांनी मला फोनवर विचारलं, रागाने नाही, अगदी साधेपणाने, "तुमच्या भिंतीच्या शास्त्रात यावर काही आहे का गो?"

आहे. म्हणूनच तो प्रश्न मला इतका लागला.

कोळेरोग करणारी फायटोफ्थोरा. लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात १९१० साली सुपारीवरच्या या रोगाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १८४५ च्या आयर्लंडच्या बटाटा दुष्काळाला कारण झालेली जात हिचीच बहीण. तिला सगळे बुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशी नव्हे. आणि हे कळतं कशावरून? भिंतीवरून! खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातलं. फायटोफ्थोराच्या भिंतीत सेल्युलोज असतं, झाडासारखं. म्हणून खऱ्या बुरशींच्या कायटिनवर घाव घालणारी औषधं हिच्यावर फुकट जातात. ती झाडाची भिंत फोडायला विकरांचा जुडगाच घेऊन येते, मेणाच्या थरासाठी एक, पेक्टिनसाठी दुसरं, सेल्युलोजसाठी तिसरं. झाडही झोपलेलं नसतं. भिंतीचे तुटलेले तुकडे हेच त्याला धोक्याची घंटा. अल्बर्शाइम यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवलं, की फायटोफ्थोराच्या भिंतीतला सात साखरांचा एक छोटासा तुकडा सोयाबीनला ओळखू येतो आणि ते विषारी द्रव्यं तयार करायला लागतं.

आणि सेल्युलोज तिच्याकडे आहे, म्हणजे सेल्युलोज विणणारं यंत्रही आहे. या यंत्राचं जनुक झाडांत १९९६ साली कपाशीतून हाती लागलं. पुणे विद्यापीठातून शिकून गेलेले चंद्रशेखर जोशी मिशिगन टेकमध्ये त्याच मागावर होते. २००० साली त्यांच्या गटाने ॲस्पेन झाडाच्या लाकडात सेल्युलोज करणारं जनुक काढलं, त्याची कळ तंबाखूच्या रोपात बसवली आणि रोप वाकवलं. ताण पडणाऱ्या बाजूला कळ चालू झाली, दाबल्या जाणाऱ्या बाजूला बंद. म्हणजे झाडाला कुठे भिंत बांधायची ते ताणातून कळतं. (पेनस्टॉकचं पोलाद असं आपोआप जाड झालं असतं तर, असं अण्णा म्हणाले.) फायटोफ्थोराचं यंत्र याच कुटुंबातलं, पण जरा वेगळ्या घडणीचं. मॅन्डिप्रोपामिड नावाचं औषध नेमकं तिच्या सेल्युलोज विणणाऱ्या यंत्रालाच अडकवतं, हे २०१० मध्ये सिद्ध झालं. झाडाच्या यंत्राला तितकं लागत नाही. तिला भिंत बांधता येत नाही, झाड आपलं बांधत राहतं.

हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. पाऊण तास. पलीकडे कौलांवर पाऊस वाजत होता. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आहे. बरं झालं. मला वाटलं होतं तू उगाच गेलीस पुण्याला." अण्णांनी माझ्या कामाबद्दल काढलेला हा सर्वात मोठा गौरवोद्गार आहे, कृपया नोंद घ्यावी. त्या वर्षी निम्मी सुपारी गेली.

मागच्या महिन्यात गेले ती फवारणीसाठी. आमच्या आगरात अजून मोरचूद आणि चुनाच चालतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, पावसाच्या तोंडावर एकदा आणि चाळीसएक दिवसांनी पुन्हा. बोर्डो मिश्रण इतकी वर्षं टिकलं याचं कारणही भिंतीशी आहे. फायटोफ्थोरा पाण्याच्या थेंबातून पोहत पसरते ती छोट्या पोहणाऱ्या पेशींच्या रूपात, आणि त्या पेशींना भिंत नसते. फळावर टेकल्यावर काही मिनिटांत त्या भिंत बांधून घेतात, पण तेवढा वेळ त्या उघड्या असतात, आणि तेव्हा तांबं त्यांना गाठतं.

आगर विकायचा नाही असं तूर्त ठरलंय. पोफळी तोडायच्या नाहीत, पण मोडलेल्या पोफळीच्या जागी नवी पोफळ लावायची नाही, जायफळ लावायचं आणि उभ्या आहेत त्यांच्यावर मिरी चढवायची. वाटा सरळ तिघांत, काकूंचा धरून. दादाने आपल्या वाट्याचे सुपारीचे पैसे घेणार नाही म्हणून सांगितलंय, ते काकूंच्या खात्यात जातील. यावर काकू काय म्हणतील ते कोणी विचारलेलं नाही. मला स्वतःला हा तोडगा पुरता पटलाय का? नाही. आमची सुपारी कोणाच्या पूजेत जाईल आणि कोणाच्या पुडीत, हे आम्हाला ठरवता येत नाही, आणि पोफळ चाळीस-पन्नास वर्षं उभी राहते. अण्णांसमोर हे मी एकदाच बोलले. ते "हं" म्हणाले आणि उठून गेले. तासाभराने जायफळाच्या कलमांसाठी खड्डे कुठे घ्यायचे ते काठीने मातीत खुणा करत होते.

फवारणीच्या दिवशी सकाळी मी प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचुदाचं निळं पाणी आणि चुन्याचं पाणी एकत्र केलं. सामू बघायला प्रयोगशाळेतून कागदी पट्ट्या नेल्या होत्या, त्या काढल्या. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. "ते राहू दे, कोयती आण," म्हणाले. घासून लख्ख केलेली लोखंडी कोयती पिंपात बुडवली, थोडा वेळ धरली, वर काढून उन्हात फिरवून बघितली. पात्यावर तांबूस झाक आली होती.

"चुना कमी पडतोय," अण्णा म्हणाले. पट्टीवरही तेच दिसत होतं. मी आणखी वाटीभर चुना कालवला.